घरं माळावर न्यायचं ठरलं

शुक्रवार, दिवेलागण. बेंबळी

ओढ्याच्या पुरात पडलेली घरं पुन्हा तिथंच न बांधता वर माळावर बांधायची, असं आज मारुतीच्या देवळात ठरलं. आनंद व्हायला हवा. का होत नाही? महिनाभर हेच तर मी सांगत होतो! नकाशा काढला, उस्मानाबादला अर्ज नेला. लोक म्हणायचे, "गुरुजी, पानी काय रोज येतंय व्हय?"

आणि आज काशीबाई सुईण उठली. भिंतीवरच्या गाळाच्या खुणेला तिनं हात लावला, तो डोक्याच्याही वर गेला. "पुढल्या खेपेला पानी रातचं आलं, तर लेकरं निजलेली असतील," एवढंच म्हणाली. सगळे कबूल!

एक अक्षर न शिकलेली बाई. तो वर गेलेला हात डोळ्यांपुढून हलत नाही. मला का नाही सुचलं?

खरं लिहितो. पाटलांनी विचारलं, "गुरुजी, तुमचं काय म्हणणं?" तेव्हा जिभेवर आलं होतं, माळावर विहीर कोण खणणार? निव्वळ जळफळाट. तेवढ्यानं निम्मे लोक मागं फिरले असते.

"बाई म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हणालो. आवाज इतका बारीक, की पाटलांनी पुन्हा म्हणायला लावलं.