ओटीपी चारुशीलेच्या फोनवर

७ एप्रिल, सकाळी ९.२५
शेअर बाजार उघडताच कोसळला. मी महिनाभर हेच म्हणत होतो. (मनात.) दलाल राजेंद्रला फोन लावला : सगळं विक. एंगेज. बारा वर्षं त्याच्याकडे माझा कारभार 'राजा, शंभर घे, दोनशे टाक' एवढ्यावर चालला. आज खरी गरज, तर एंगेज!

७ एप्रिल, दुपारी ४
शेवटी राजेंद्रने फोन उचलला. म्हणाला, रघुवीरराव, फोनवर ऑर्डर बंद. पडझडीत लोक उलटले, 'मी सांगितलंच नव्हतं' म्हणायला लागले, वरच्या ब्रोकर कंपनीने हात वर केले. आता ज्याचं खातं, त्यानेच स्वतःच्या मोबाइलवरून विकायचं. बाजारपेठेतलं ऑफिसही तो बंद करतोय. स्क्रीन काढली, खुर्च्या विकायला काढल्या. माझीसुद्धा.
ज्याचं खातं! खातं चारुशीलेच्या नावावर आहे हे या गृहस्थाला आज कळलं का? सरकारी नोकराने सट्टा करायचा नाही, म्हणून बायकोचं नाव. त्यात तिचा काय संबंध?
निश्चय : उद्या सगळं विकणे. तळ आला की परत घेणे. सोपं आहे.

८ एप्रिल, रात्री
संताप. विकायला ओटीपी लागतो. ओटीपी चारुशीलेच्या फोनवर. आणि चारुशीला भाचीच्या साखरपुड्याला माहेरी, पोलादपूरच्या वर. फोन लागेना.
कचेरीत 'प्रकृती' लिहून हाफ डे टाकला आणि स्कूटर काढली. मांडवात मेहुणा सहदेव म्हणाला, दाजी, इथं रेंज नाय, पाण्याच्या टाकीपाशी हाय. तिथे नेऊन पैठणीतल्या बायकोला टाकीच्या तिसऱ्या पायरीवर उभं केलं. फोन वर धरायला लावला. ओटीपी आला तेव्हाच तिला मांडवातून औक्षणाला हाक आली आणि ती फोन घेऊनच गेली! परत आली तोवर तो रद्द झालेला. दुसरा मागवला. तर सगळ्या बायकांसमोर विचारते, अहो, हे माझे शेअर आहेत? किती आहेत?
मी म्हटलं, किरकोळ.
सहदेव म्हणाला, ताय, तू शेअरवाली झालीस नि आम्हाला सांगितलंस पण नाय! बायका टाकीला धरून हसल्या.
तीन वाजून एकतीस मिनिटं. बाजार बंद. शिवाय वर जाऊन बंद. हा सापळा आहे. उद्या पडणार.

११ एप्रिल
वर. सापळा मोठा दिसतो.
एसटी स्टँडवर रऊफ भेटला. दोन ट्रकचा मालक. राजेंद्रच्या ऑफिसात बारा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत. बाजाराचं काय वाटतं म्हणून मी अभ्यासू चर्चा काढली, तर म्हणतो, रघूभाय, बाजाराचं ऱ्हाऊ द्या, आज वहिनीचा मूड कसा हाय ते सांगा. असल्या माणसांमुळे बाजार बदनाम होतो.

१६ एप्रिल
नवं ॲप. खातं चालू ठेवायचं तर फोनसमोर तोंड धरून डोळे मिचकावायचे. आधी मी मिचकावले. 'चेहरा जुळत नाही.' चष्मा काढून मिचकावले. जुळत नाही. बारा वर्षं या खात्यासाठी रक्त आटवलं, आणि ते मला ओळखत नाही!
चारुशीलेने हात पुसले, एकदा डोळे मिटले, उघडले. हिरवी खूण.
पुढे फॉर्म होता. मी म्हटलं, खाली खाली जा, सही कर. ती शिकवण्या घेणारी बाई, अख्खा वाचला. 'व्यवहाराचा अनुभव' अशी एक ओळ होती. मी म्हटलं, बारा वर्षं लिही. तिने शून्य लिहिलं. म्हणाली, खोटं कशाला?
त्यानंतर तिच्या ईमेलवर खात्याचा बारा वर्षांचा उतारा आला. न मागता! ग्राहकाची गोपनीयता म्हणून काही असते की नाही?

२० एप्रिल, रविवार
आज शिकवणी नव्हती, तरी ती फळ्यासमोर. माझी बारा वर्षं खडूने लिहून काढली. डावीकडे घातलेले, उजवीकडे उरलेले, खाली टक्के. तेवढेच पैसे बँकेत ठेवले असते तर दुप्पट झाले असते, आपले निम्मे उरले, असं म्हणाली. ते तिच्या शिकवणीचे होते हेही म्हणाली. लेकीच्या, सईच्या लग्नासाठी ठेवायला दिले होते.
मी शांतपणे समजावलं (आवाज चढला असेल) की हा तोटा नव्हे. हा अनुभव.
तिने विचारलं, अनुभव तारण ठेवून बँक कर्ज देते का?
गच्चीवर गेलो.

२२ एप्रिल
तिने पासवर्ड बदलला! माझ्याच घरात! सईची जन्मतारीख टाकली, चूक. लग्नाची तारीख टाकली, चूक. तिसऱ्यांदा घराचा नंबर टाकला, खातं लॉक. उघडायला ओटीपी. ओटीपी कोणाच्या फोनवर, हे लिहीत नाही.
रात्री कळलं की पासवर्ड लग्नाची तारीखच होता. मीच एक दिवस चुकलो. तिने ताट आपटून वाढलं. वास्तविक रागवायला मी हवा होतो.

२ मे
निफ्टी वर, वर, वर. सगळं विकलं असतं तर तळाला विकलं असतं. म्हणजे विकलं नाही हाच निर्णय योग्य ठरला. माझा संयम.
रऊफला हे सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, भाय, तो संयम नाय, तुमच्याकडं पासवर्ड नाय. चारुशीलेने त्याच्या बायकोला, नसीबाला सगळं सांगितलंय. तिकडून स्टँडपर्यंत.
तिने माझे तीन हिऱ्यासारखे शेअर विकले. एका रुपयाचे शंभर होणार होते असे. ते पैसे कुठल्याशा इंडेक्स फंडात. मला न विचारता. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे, म्हणून तर विचारायला हवं होतं!
निश्चय : यापुढे सल्ला मागितल्याशिवाय देणार नाही. मग कळेल.

१६ मे, संध्याकाळी ५
रऊफ दारात. हातात उताऱ्यांची गुंडाळी. चेहरा उतरलेला. तिसऱ्या ट्रकसाठी ठेवलेले पैसे पडझडीत घाबरून विकण्यात गेले, आता उरलेल्याचं काय करायचं कळत नाही म्हणाला.
मला ठाऊक होतं, हा दिवस येणार. शर्ट बदलला. चष्मा पुसला. खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, बस, रऊफ. आधी मोठं चित्र समजून घेऊ.
तो उभाच राहिला. म्हणाला, वहिनी हायत काय?
मागे जिन्यात राजेंद्र. त्याच्याही हातात उतारे. बारा वर्षं मला ऑर्डरी मारून देणारा माणूस!
मी म्हटलं, ती कामात आहे. आतून तिचा आवाज आला, या ना, बसा, सातवीची बॅच सुट्टीवर आहे.

१९ मे
रोज संध्याकाळी सहा वाजता. टक्के, व्याज, चक्रवाढ. चारुशीलेने दोघांना नव्या वह्या आणायला लावल्या. रऊफ पहिल्या रांगेत, त्याला लांबचं दिसत नाही. राजेंद्र त्याच्या शेजारी.
कोणीतरी देखरेख करायला हवी, म्हणून मी मागच्या बाकावर बसतो. वही तिनेच हातात दिली. देखरेखीला वही लागतेच.
आज गृहपाठ तपासला. रऊफला दहापैकी नऊ. राजेंद्रला सात.
माझा झाला नव्हता. रऊफकडे वही मागितली, देत नाही.