मी लिहिलेला वर्ज्य पदार्थांचा तक्ता रद्द करते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेली आहारतज्ज्ञ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दादाने टाकून पाहिला, पण सत्तर वर्षांत त्याला जे जमले नाही ते आता कुठून जमणार? या लिखाणाने माझे पूर्वीचे मृत्युपत्र रद्द होते. त्याचबरोबर मी पूर्वी लिहिलेला आणखी एक कागदही रद्द होतो. तो कोणता, ते चौथ्या कलमात आहे. मृत्युपत्रात असले काही लिहायचे नसते, असे वकिलांचे म्हणणे पडले. मी त्यांचे ऐकून घेतले आणि लिहायला बसले.

एक. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा सज्जा असे माझे राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत उरेल ते सर्व माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावे. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि गेले आठ महिने माझ्याकडे राहते. तिचे खाणे पाच पदार्थांवर आले आहे: पांढरा भात, पांढरा पाव, सोललेला बटाटा, कोंबडी आणि साल काढलेले सफरचंद. वकील म्हणाले, "बाई, अट घाला. नीट जेवायला लागली तरच घर, असं लिहू या का?" मी म्हटले, "घर आहे ते, शाळेतलं बक्षीस नव्हे." विनाअट देत आहे. उद्यापासून ती नुसत्या हवेवर राहिली तरी घर तिचेच.

दोन. माझी चहाची किटली थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. दादा मला रोज फोनवर चलचित्रे पाठवतो. "झाडांना पळता येत नाही, म्हणून ती विष तयार करतात. कळलं का गं शहाणे?" दादा, हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे पचायला फार जड. वनस्पती आपल्या बचावासाठी कडू, तुरट, बोचरी द्रव्ये करतात, हे मी तुझ्या फोनच्या आधीपासून शिकवत आले. पण त्यातलेच एक तुरट द्रव्य तुझ्या चहात आहे. जेवताना तू दोन कप पितोस, ते अन्नातले लोह धरून ठेवते, आणि रक्त कमी निघाले की तू पालकाच्या नावाने खडे फोडतोस. किटली वापर, पण जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेव. डाळींवर लिंबू पीळ, लोह अंगी लागते. भांडायला मी नसेन, निदान अंगात रक्त तरी असू दे.

तीन. माझा तराजू, मोठा कुकर आणि तिन्ही चाळण्या मी हयातीतच रुग्णालयाच्या निवृत्त मुख्य आचाऱ्याला देऊन टाकल्या आहेत, म्हणजे त्याला या कागदावर साक्ष देता येईल. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडेल असा तो आहे. मी पदवी घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा तो राजमा रात्रभर भिजवायचा, पाणी फेकायचा आणि धडाडून उकळायचा. मी इंधन वाचवायला निघाले होते. म्हटले, झाकून मंद आचेवर ठेवा. तो म्हणाला, "बाई, राजम्याला उकळी दाखवावीच लागते. नुसतं कोमट केलं की तो सूड घेतो." त्याला कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन या विषारी द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते, पण ते मोडायचे कसे हे ठाऊक होते. मला नाव ठाऊक होते. दुपारपर्यंत परिचारिकांची अख्खी खानावळ ओकत होती. अधीक्षकांसमोर तो म्हणाला, "उकळायचं मी विसरलो." मी गप्प राहिले. तो दोष त्याचा नव्हता, माझा होता. आज हे लेखी देत आहे.

चार. आता तो कागद.

अठ्ठाविसाव्या वर्षी मी एका शिंप्यासाठी तक्ता लिहिला होता. त्याला मुतखड्याचा जुना त्रास, आणि त्याचा प्रश्न एकच, "बाई, काय खाऊ नको तेवढं सांगा." मी कोठीघरात उभी राहून समोर दिसेल ते लिहीत गेले. दाराजवळच्या टोपल्यांतले पालक आणि बीट, डाव्या फळीवरची सगळी कडधान्ये, खिडकीखालच्या डब्यांतले तीळ, शेंगदाणे, बदाम. त्या काळी याद्या लांबलचकच करत. ज्याच्यात खडे घडवणारे ऑक्झलेट असण्याचा नुसता संशय, तेही गेले. तळाशी मी ठळक लिहिले: "फक्त या रुग्णासाठी. तीन महिन्यांनंतर बंद करावा."

तक्ता सुटसुटीत होता. वॉर्डावाल्यांना आवडला. पुढे रुग्णालयात छायाप्रतीचे यंत्र आले. माझा कागद लांब, यंत्राची काच आखूड. तळाची ओळ काचेबाहेर राहिली. प्रतीची प्रत निघत गेली, डोक्यावरचे मुतखड्याचे नाव जाऊन "पोटाच्या रुग्णांसाठी" असे आले, आणि मी निवृत्त झाले तरी तक्ता काही निवृत्त झाला नाही.

सात वर्षांपूर्वी माझी भाची पोट दुखते म्हणून त्याच रुग्णालयात गेली. कोणा घाईतल्या माणसाने तिच्या हातात तो ठेवला. आई जाऊन वर्षभर झाले होते. कोणीतरी काय करायचे ते स्पष्ट सांगतेय, एवढ्यानेच तिला बरे वाटले असावे. तिने कागदाला प्लास्टिकचे वेष्टन केले आणि तीन महिन्यांचा तक्ता सात वर्षे पाळला. पोट दुखायचे थांबले नाही. उलट फुगू लागले, शौचाला कष्ट पडू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. दरवेळी तिला वाटे, आपलेच पाळणे कुठेतरी कमी पडते आहे. मग ती आणखी एक पदार्थ सोडी.

माझ्याकडे आली त्या दिवशी तिने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला. मी चष्मा न लावताच म्हटले, "कोणत्या गाढवानं लिहिलंय हे? उलटं टांगा त्याला."

ती हसली. "मावशी, मोठ्या हॉस्पिटलचा आहे."

"मग मोठं गाढव."

मग मी चष्मा लावला. पालक, बीट, डावी फळी, खिडकी. ते माझे कोठीघर होते.

मी तिला सांगितले नाही. रुग्णालयाला मात्र तीन पत्रे लिहिली, तीही "एक माजी कर्मचारी" म्हणून. उत्तर आले, "सदर तक्ता प्रचलित आहे." प्रचलित! खरूजही प्रचलित असते. माझ्यामागे या कलमाची प्रत वकिलांनी तिथल्या प्रत्येक वॉर्डात पोहोचवावी. तो तक्ता माझा आहे, आणि मी तो रद्द करते.

पाच. बाळ, हे तुझ्यासाठी. चार वर्षांची असताना तू माझ्या ओट्यावर बसून मटार सोलायचीस. पातेल्यात निम्मेच पडायचे, उरलेले कच्चेच तुझ्या पोटात. तेच पोट आहे हे. बिघडले आहे ते इतकेच, की आतड्यात जे जिवाणू राहतात त्यांचे जेवण आपल्याला न पचणारा चोथा असते, आणि त्यातून ते आतड्याच्या अस्तराला लागणारे इंधन करतात. पानांतली आणि फळांतली रंगद्रव्येही बरीचशी तेच फोडतात, म्हणून ती आपल्या कामी येतात. सात वर्षे ते उपाशी आहेत. पुष्कळ मेले असतील. एकदम मेजवानी दिलीस तर पोट नगाऱ्यासारखे वाजेल. म्हणून भिजवून मऊ शिजवलेली मसूर पहिल्या आठवड्यात रोज ~~दोन चमचे~~ एक चमचा, तीही तू म्हणशील तेव्हा. मग गाजर, मग पालक उकळून पाणी टाकलेला. पोट गुरगुरेल. ते चुकल्याचे लक्षण नव्हे.

सहा. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांनी माझे आतडे जरूर पाहावे, मी त्याची नीट निगा राखली आहे.

सात. इथवर लिहून झाले आणि माझ्या लक्षात आले, की मृत्युपत्र उघडते माणूस गेल्यावर. मी आणखी दहा वर्षे टिकले तर ही पोरगी दहा वर्षे भात आणि पाव खात राहील, आणि माझा कबुलीजबाब कपाटात सुखाने पडून राहील. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणत, चूक कागदावर कबूल करणारी मुलगी अर्धीच प्रामाणिक. उरलेले अर्धे उभे राहून सांगावे लागते. तेव्हा आज, साक्षीदार आले असताना, मी भाचीला समोर बसवले आणि उभे राहून हे सगळे वाचले.

ऐकून झाल्यावर तिने फ्रिजच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे ते गाढव तू?"

"मीच."

"आणि आठ महिने मला पांढरा भात वाढत होतीस?"

"हो."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. पहिलवान हळूच म्हणाला, "बाई, सही उद्या करू." मी म्हटले, "बसा." राजम्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. डॉक्टरीणबाईंनी उगाचच माझी नाडी पाहिली.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते गं. चूक कोणाची ते कळलं म्हणून भीती जात नाही."

पन्नासेक वर्षे मी लोकांना काय आणि किती खावे ते सांगत आले. आता पेन उचलले आणि पाचव्या कलमात दोन चमच्यांचा एक चमचा अशी दुरुस्ती केली. तीच तेवढी मला करता आली.

मग तिने विचारले, "मसूर शिजायला किती वेळ लागतो?"

"न भिजवता अर्धा तास," पहिलवान म्हणाला. "मऊ हवी तर चाळीस मिनिटं."

ती खाईल की नाही, मला माहीत नाही. ते या कागदाच्या अखत्यारीत येत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि वाचून दाखवला. खाडाखोड एकच, पाचव्या कलमात. ती मला मान्य आहे.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ जून २०२५, सोमवार, सायंकाळी सव्वासहा

लिहून ठेवणार: (सही)

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार पहिला: (सही) निवृत्त मुख्य आचारी
साक्षीदार दुसरी: (सही) शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टर

टीप: भाचीची सही घेतलेली नाही. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष देऊ नये, असा कायदा आहे. ती गॅसपाशी उभी आहे आणि मसुरीला उकळी आली का ते झाकण उघडून पुन्हा पुन्हा पाहते आहे.