एक बस मावेल एवढं अंतर

सोमवार, ३ मार्च

घसा खवखवतोय. धूळ! दुसरं काही नाही. दोन दिवस माळ्यावरच्या बॅगा काढतेय, झटकतेय — खवखवणारच.

परवानगीचा कागद आज तीनदा काढून पाहिला. गुरुवार, सकाळी सात. दिवसाला आठच माणसं आत सोडतात, म्हणून सात महिन्यांनी नंबर लागला. हे म्हणतात, "वानरं बघायला परवानगी? आमच्या स्टँडवर फुकट दिसायची." बसस्थानकावर तीस वर्षं गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहिल्या, ह्यांना सगळ्याच गाड्या वेगळ्या आणि सगळी वानरं सारखी! पांढऱ्या भुवयांची ही वानरं फक्त त्या एका डोंगरावर उरलीत, दोन टोळ्या मिळून जेमतेम साठ — शंभरदा सांगून झालं.

मला का जायचंय ते मात्र ह्यांनाही सांगितलेलं नाही. मुलांच्या वॉर्डात इंजेक्शनच्या टेबलासमोर जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं. वानरी आणि तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू, दोघांच्या भुवया पांढऱ्याशुभ्र. "ते बघ, तुझ्याकडेच बघतंय!" — आणि सुई आत. बावीस वर्षं! मुलं विचारायची, "सिस्टर, तुम्ही खरं पाहिलंय?" मी बेधडक हो म्हणायची. त्यातली काही मुलं घरी गेलीच नाहीत. त्यांना मी खोटं सांगितलं, हे निवृत्तीनंतर फार टोचायला लागलंय. एकदा डोळ्यांनी बघून आले की बरं वाटेल.

मंगळवार, ४ मार्च

पोचलो. डोंगराच्या पायथ्याशी लहानसं विश्रामगृह, दोन खाटा, एक खिडकी. खिडकीला जाळी आणि पाटी — खाणं उघड्यावर ठेवू नये.

ह्यांचा आज नूरच वेगळा. बस बारा मिनिटं उशिरा सुटली तरी ड्रायव्हरला घड्याळ दाखवलं नाही! खिडकीकडे तोंड करून बसले, नाकाला रुमाल. "डिझेलचा वास," म्हणे. डिझेलच्या वासात जन्म गेलेला माणूस!

घसा आहे तसाच. नाकही आता चुरचुरतंय.

बुधवार, ५ मार्च

संध्याकाळी गाईडबाईंनी आम्हा आठ जणांना अंगणात बसवून नियम सांगितले. चाळिशीच्या, आवाज हळू, पण बोलणं हेडमास्तरांसारखं. काही खायला न्यायचं नाही. द्यायचं तर नाहीच नाही. फ्लॅश बंद. डोळ्याला डोळा भिडवून दात काढायचे नाहीत, त्यांना ती धमकी वाटते. दहा मीटरच्या आत जायचं नाही. ते पुढे आले तर आपण मागे सरायचं. हे लगेच म्हणाले, "म्हणजे मध्ये एक बस मावली पाहिजे." सगळे हसले. गाईडबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "आणि सर्दी-खोकला असेल तर उद्या गेटवर सांगा. मास्क देऊ सगळ्यांना, पण मास्कवर भिस्त ठेवू नका. आपली सर्दी त्यांना लागते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी खोकला घेऊन आलं, बोललं नाही. महिन्यात सहा पिल्लं गेली." त्यांनी वही मिटली. "नंतर लक्षात आलं तरी फोन करा," म्हणाल्या. "मी ओरडत नाही."

खोलीत येऊन औषधांची डबी उघडली. एक गोळी घेतली की दुपारपर्यंत नाक कोरडं — हे मला नाही कळणार तर कुणाला? पट्टी हातात धरून बसले. दहातल्या चार आधीच नाहीत. मी कधी घेतल्या देव जाणे. वय झालं!

आणि वॉर्डातला तो बाप आठवला. मुलीच्या वाढदिवशी खेळणं घेऊन आलेला, शिंकत. मी त्याला काचेबाहेर उभं केलं. हात जोडले बिचाऱ्यानं, मी ऐकलं नाही. तासभर काचेतून नाकडोळे वाकडे करून तिला हसवत राहिला. आणि आता मी ही गोळी घेणार?

पट्टी डबीत ठेवली. पण धूळही असू शकते.

गुरुवार, ६ मार्च

धूळ नव्हती.

गेटवर गाईडबाई एकेकाला विचारत होत्या. ह्यांना आधी विचारलं. "नाही," — खाली बघत. मग मी. नाही हा शब्द अगदी ओठांवर होता! बाहेर आलं ते "आहे. सोमवारपासून." त्यांनी माझा हात दाबला, दुसरं काही नाही. मागचा कॅमेरेवाला नको इतक्या किवेनं बघत होता.

हे माझ्याबरोबर मागे वळले. म्हटलं, "तुम्ही कुठे? जा. माझ्या वाटचं बघून या. सगळं लिहून आणा, तुमच्या पद्धतीनं." हे म्हणाले, "अगं, पण मी—" मी म्हटलं, "मी-बी काही नाही. निघा!" गेले. तीनदा मागे वळून पाहिलं.

खोलीत येऊन भरपूर रडले. एकसष्टाव्या वर्षी वानरांसाठी!

हे साडेअकराला परतले. ह्यांनी खिशातली छोटी वही काढली आणि समोर बसून वाचायला लागले. तसंच उतरवून ठेवते, आठवतं तेवढं —

८.४० — टोळी दिसली. एकवीस. मोजताना दोन हलली, परत मोजली.

८.५२ — एक म्हातारी मादी फांद्याफांद्यांवरून फिरते, प्रत्येकापाशी थांबते. हिच्यासारखी राउंड घेते.

९.०५ — पिल्लू, आईच्या पोटाशी. भुवया काळ्याच. गाईड म्हणाल्या, वर्षभरानं पांढऱ्या होतात.

"काय?" मी ओरडलेच. म्हणजे कॅलेंडरवरचं चित्रच चुकीचं! मी मुलांना दोनदा खोटं सांगितलं! मग कॅलेंडरचं सगळं ह्यांना सांगून टाकलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. ह्यांनी वही मांडीवर उपडी ठेवली, पुन्हा उचलली. मग ९.११ — पिल्लू शेपटीला लोंबकळलं, पडलं, पुन्हा चढलं. मग पान उलटलं आणि थेट ९.३०.

इतकं नीट कुणी माझ्यासाठी काही पाहिलं नसेल.

शुक्रवार, ७ मार्च

घरी. हे सटासट शिंकताहेत. माझीच लागली! दोघांनी एका पातेल्यावर वाफ घेतली.

शनिवार, ८ मार्च

सकाळी फिरायला म्हणून तासभर बाहेर. सर्दीत! ऐकतील तर शपथ.

रविवार, ९ मार्च

ह्यांच्या नोंदी इथे शब्दन् शब्द उतरवून ठेवाव्यात म्हणून डगल्याच्या खिशातून वही काढली. हे आंघोळीला गेले होते.

९.११ च्या खाली:

९.१७ — शिंक, दोन. मास्क ओला झाला म्हणून पुसायला खाली घेतला होता. पिल्लू आपणहून उतरलं होतं. अंतर अर्धी बस. मागे सरलो, मागे झाड. पिल्लानं माझ्याकडे पाहिलं.

आणि त्याखाली — हिला सांगणे.

झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करायची ह्यांची सवय. तिथे खूण नाही.

वही खाडकन मिटली. तळपायाची आग मस्तकात गेली! डिझेलचा वास! चार गोळ्या! मी खरं बोलून मागे फिरले, आणि ह्यांनी गोळ्या गिळून माझ्या वाटचं बघितलं!

हे बाहेर आल्यावर वही समोर धरली. हे खुर्ची ओढून बसले. "रविवारपासूनच होती. तुझी सात महिन्यांची वाट... मी बोललो असतो तर तूही आली नसतीस. गेटवर तू परत निघालीस तेव्हा सांगणारच होतो. तू बोलू दिलं नाहीस."

हे खरं आहे. म्हणून जास्तच संताप आला. "आणि पिल्लं गेली तर?" म्हटलं. "ऐक तरी," म्हणाले. नाही ऐकलं. दार लावून आत जाऊन बसले.

सोमवार, १० मार्च

जेवण वाढलं. शब्द नाही.

त्या बापाला मी काचेबाहेर ठेवलं. मग नवऱ्याला सूट कशी देऊ? उद्या गाईडबाईंना मीच फोन करणार. ह्यांचं नाव सांगायला जीभ रेटेल का माहीत नाही, पण करणार.

मंगळवार, ११ मार्च

हे सकाळी बाहेर पडले तसा फोन लावला. "गुरुवारी आमच्यातल्या एकाला सर्दी होती—" एवढंच म्हणाले. गाईडबाई म्हणाल्या, "हो काकू, काकांनी तिथंच सांगितलं की, उतरताना. चुकलंच त्यांचं, पण बोलले. शुक्रवारपासून वाट बंद ठेवलीय, तीन आठवडे. रोज सकाळी त्यांचा फोन असतो, पिल्लाचं विचारायला. आत्ताच ठेवला. तुम्हाला नाही बोलले?"

पिल्लू खेळतंय. अजून आठवडाभर बघायला हवं, म्हणाल्या.

वही काढली. रविवारी न उलटलेलं पान उलटलं. १०.०५ — गाईडबाईंना सांगणे. पुढे बरोबरची खूण.

मागचं पान काढलं. 'हिला सांगणे' — पुढे मीच खूण केली. वेळही घातली, आत्ताची — ९.४०. आता दारात उभी आहे, हे कोपऱ्यावरून येताना दिसताहेत.