दामूकाकांच्या फोनवरचा ओटीपी

मंगळवार, संध्याकाळ

राई गावच्या दामूकाकांना जाऊन तीन दिवस झाले. त्यांची खानावळ बंद, पण मी त्यांना बनवून दिलेलं ऑनलाइन बुकिंग चालूच. बंद करायचं मला सुचलंच नाही, गाढव मी. आज दुपारी एक कुटुंब खानावळीच्या दारात येऊन उभं राहिलं. त्यांच्या मोबाइलवर काकांच्या नावाने मेसेज: ‘या, वाट बघतोय.’ तो मजकूरही माझाच. वाचून काका केवढे हसले होते.

बुकिंग बंद करायला बसलो तर ओटीपी काकांच्याच फोनवर. सुतकात बसलेल्या काकूंना फोन करून आकडे वाचायला लावले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता त्यांच्या नावानं कुनालाच मेसेज न्हाय ना जानार?”

“नाही काकू, एकही नाही,” मी म्हणालो, शाबासकी मिळणार असल्यासारखा.

“त्यो ‘वाट बघतोय’ म्हननारा बी न्हाय?” काकूंनी हळूच विचारलं. बुकिंग बंद करायचं बटण माझं दाबून झालं होतं.