अळ्यांची बरणी

नजीरा, सगळ्यात आधी कोण टपकलं म्हणशील, तर बनाबाई! पावणं येणार साडेदहाला, ही शेजारीण नऊलाच बांधावर हजर. असू दे. तू बरी हाईस न्हवं? मीरासाब भावजींचा गुडघा काय म्हणतोय? त्यांना सलाम सांग. आमच्या मालकांची तब्येत झकास हाय, म्हणूनच तर एवढं भांडण झालं.

हरभऱ्यात घाटेअळी शिरली. मालक म्हणाले, जहाल विष मारतो. तर आमची नात अनुजा शेतीच्या कॉलेजातनं बाटली घेऊन आली. ह्यात अळीचा रोग भरलाय म्हणे. माणसाला न्हाय, मधमाशीला न्हाय, फकस्त अळीला लागतोय. (अळीलाबी साथ येती, ऐकून मी हसून हसून लोळायची राहिले.) मालकांनी अर्धा एकर दिला, आठ दिवसांची मुदत दिली. अळी मेली न्हाय तर सगळ्या रानात विष! पोरीनं सांजच्याला पंपात बाटली ओतली, वर गूळ टाकला, कपड्याची नीळबी टाकली, उन्हानं औषध मरू नये म्हणून. मालक विचारतात, “हे धुणं हाय का पुरणपोळी?”

सातव्या दिवशी बघते तर अळ्या शेंड्याला चढून उलट्या लोंबतायत, काळ्या, लिबलिबीत. नजीरा, या वयात बांधावर नाचले गं! पण दुसऱ्या दिवशी कॉलेजचे सर बघायला येणार. पावण्यांपुढं असली घाण? पहाटेपास्नं वाकून एकूण एक वेचली, बरणीत भरली, वर पाणी ओतलं.

सर आले. अनुजा कपाळाला हात लावून म्हणाली, “आज्जी, त्या मेलेल्या अळ्याच बघाय आलेत की गं हे!” बनाबाई पदरात तोंड घालून खिदळाय लागली. मेलेली अळी दिसंना म्हणून मालक विषाची बाटली आणाय उठले. मी पळत जाऊन बरणी आणली. सरांनी झाकण उघडलं, नाक धरलं आणि वरडले, “आज्जी, हे तर औषधाचं बियाणंच झालं! वाटा, गाळा, फवारा.” मग मालकांनी स्वतः झाडन्‌झाड चाळलं. जिती अळी एक न्हाय. खाकरून म्हणाले, “नीळ किती पुड्या आणू?”

तुझी विठा

ता. क. बरणी तुझीच, लिंबाच्या लोणच्याची. आता माघारी मागू नगंस.

आणखी ता. क. खरं काम हे, की सर आता जित्या अळ्यांना रोग लावून औषध वाढवाय शिकवणार. बरणीतलं औषध बाकीच्या रानातबी मारलं, आमच्यात जिती उरली न्हाय. तुमच्या तुरीत चिक्कार हायत, तेवढ्या दोनशे धाडून दे. एकेक निराळ्या डबीत घाल, एकमेकीला खात्यात रांडा. पावणं बेस्तरवारी येतो म्हणालेत.