बिनआकड्याच्या कागदानंतर केलेली व्यवस्था

आज शनिवारी आले ते असे. शिकणाऱ्यांची पाकिटे नऊ, त्यांतली दोन कमी तिकिटाची, दंड भरून सोडवली, बारा. लाल शाईची बाटली एक, पंचेचाळीस. दुकानदाराने आधी पन्नास सांगितले होते. कोरे कागद एक दस्ता, तीस. मोजले तेव्हा चोवीसच्या जागी तेवीस भरले. डॉक्टरांचा दाखला, दोनशे, मी शुद्धीत आहे एवढे एक वाक्य लिहायला. त्या तेवीस कागदांतले चार या कामाला घेतले आहेत.

मी या घराची मालकीण, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, इंग्रजीत बासष्ट गुण, व्यवसाय घरकाम, परमेश्वराला स्मरून लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण तो चहा कमी केल्यामुळे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि कोणाला सुगावाही लागू दिलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाने दुसरे एखादे निघाले तर ते खोटे समजावे, इंग्रजीत असेल तर नक्कीच.

कलम पहिले, घर कसे आले.

तीन खोल्या, मागचे अंगण, गच्चीचा जिना. माझ्या यजमानांनी, सगळे त्यांना मास्तर म्हणत, चौतीस वर्षांपूर्वी माझ्या नावावर घेतले. मास्तर टपालाने इंग्रजी शिकवत. शिकणाऱ्याने दर आठवड्याला दहा वाक्ये लिहून पाठवायची, आम्ही ती तपासून परत करायची. प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो, तो कागदाच्या डोक्यावर टाकायचा. आमची पद्धत अशी की चूक आम्ही दुरुस्त करत नाही. समासात फक्त खूण करतो. आडवी रेघ म्हणजे शब्द जास्तीचा, ‘डिस्कस’च्या पुढे लोक ‘अबाउट’ चिकटवतात तसा. फुली म्हणजे काळ चुकला. छोटे वर्तुळ म्हणजे हे वाक्य पुन्हा वाच. पुढचे ज्याचे त्याने शोधायचे आणि खाली नवे वाक्य लिहायचे. जुने खोडायचे नाही. खोडलेला कागद मास्तर न वाचता परत पाठवत. म्हणत, ज्याने चूक पुसली त्याने पुरावा पुसला.

मास्तर जाऊन अकरा वर्षे झाली. त्याआधी आठ वर्षे त्यांना दिसत नव्हते. या एकोणीस वर्षांतली प्रत्येक खूण माझ्या हातची आहे. सुरुवातीला मी वाचून दाखवायचे आणि ते सांगायचे. दुसऱ्या वर्षापासून मी वाचायचे, मीच सांगायचे आणि ते हुंकार द्यायचे. परतीच्या पाकिटांवर नाव मात्र त्यांचेच राहिले, कारण छापील पाकिटे पाच हजार होती आणि ती फेकायची कशी.

मुलगा समजतो की मी मास्तरांच्या उत्तरवहीतून उतरवून काढते. अशी उत्तरवही नाही. त्याने जी वही पाहिली आहे तिच्यात दूधवाल्याचे खाडे आहेत.

कलम दुसरे. हे कलम लांबेल, पण याच्याशिवाय पुढची कलमे कोणाला पटणार नाहीत.

गेल्या मंगळवारी तपासायच्या गठ्ठ्यात एक टंकलिखित कागद निघाला. डोक्यावर आकडा नव्हता. वाटले, कोणी टंकलेखनिक मुलगी असेल, कचेरीतला मजकूर सरावाला घेतला असेल आणि आकडा टाकायला विसरली असेल. मी मनात तिला दोन शब्द सुनावले आणि लाल पेन उघडले. पहिल्याच वाक्यात ‘द सेड हाउस आर गिव्हन’. घर एक, आणि क्रियापद अनेकांचे. खूण केली. दुसऱ्यात दोन चुका, तिसऱ्यात एक. चौथे वाक्य वाचताना घराच्या चतुःसीमा ओळखीच्या वाटल्या. पूर्वेला शिंपीणबाईंचे घर, पश्चिमेला गल्ली, मागे बंद पडलेली पिठाची गिरणी. माझेच घर. ते मी आजपासून मुलाला बक्षीस देत होते, आणि त्यात राहण्याचा कोणताही हक्क माझ्याकडे ठेवत नव्हते.

चौथ्या वाक्यात चूक एकही नव्हती. त्याच्या समोर, समासात, पेन्सिलीचे छोटे वर्तुळ आधीच काढलेले होते.

मी तो कागद शेवटपर्यंत तपासला. सवयीचा गुण. एकूण चुका अकरा.

गुरुवारी मुलगा जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. एरवी तो जेवणानंतर माझ्याजवळ बसत नाही, तेव्हाच मी पदर सावरला.

“आई, मीटरचा कागद आहे. वीजवाले नाव बदला म्हणून मागे लागलेत. सोमवारी कचेरीत जाऊन दोन सह्या करायच्या.”

“मीटरला कचेरी कशाला?”

“नियम बदललेत गं.”

“मग वाचून दाखव.”

“इंग्रजीत आहे सगळं. तुला काय कळणार? तू उतरवतेस तेवढंच.”

मी कागद हातात घेतला. तोच होता, नव्याने टंकलेला. माझ्या अकरापैकी एकही चूक सुधारलेली नव्हती, म्हणजे माझा कागद त्याने पाहिला नव्हता. मी म्हटले, “दाढ ठणकतेय रे. दाढेचं काम होऊ दे, मग करते सही. पंधरा दिवस थांबेल ना तुझं मीटर?” तो म्हणाला, “थांबेल, पण जास्त नको.” मला दाढेचे दुखणे नाही. त्या बाजूला दाढच नाही. एवढे खोटे बोलले त्याबद्दल रात्री एक माळ जास्तीची ओढली.

आता, तो कागद गठ्ठ्यात आला कसा? टपाल दारातून सून उचलते आणि माझ्या टेबलावर ठेवते. दुसरे कोणी नाही. मी तिला स्वयंपाकघरात गाठले.

“परवाच्या गठ्ठ्यात बिनआकड्याचा कागद कुणी घातला?”

“कुठला कागद, आई?”

“टंकलेला.”

“पोस्टमनने दिला असेल.”

“पाकिटाशिवाय?”

“आई, दूध उतू जातंय.”

गॅसवर दूध नव्हते. गॅसवर काहीच नव्हते.

या सुनेला घरात येऊन चौदा वर्षे झाली आणि चौदा वर्षे मी तिच्यावर नजर ठेवून आहे, हे मी नाकारत नाही. तेलाच्या बाटलीला मी पेन्सिलीची रेघ मारते. कपाटाला दोन कुलपे लावते, एक दिसणारे आणि एक न दिसणारे. तपासलेल्या गठ्ठ्यांना मी सुतळीची डावी गाठ मारते आणि कैक वेळा ती उजवी झालेली सापडली आहे. माझी खात्री होती की ती पाकिटांतून पाठवलेली तिकिटे काढते. तिकिटे मोजली तर भरत. तरी मी म्हणायचे, मी मोजायच्या आधी परत ठेवत असेल. आज कळते की ती गठ्ठे उघडत होती हे खरेच होते, फक्त तिकिटांसाठी नव्हे. आमच्या खुणा घरात कोणाला शिकवलेल्या नाहीत. वर्तुळाचा अर्थ शिकणाऱ्यांना कळतो, मला कळतो आणि मास्तरांना कळत होता. तिने तो चोरून वाचून मिळवला. आणि चौदा वर्षांत वापरला एकदाच, माझ्यासाठी, स्वतःच्या नवऱ्याच्या कागदावर.

एक शंका मी अजूनही राखून ठेवली आहे. कदाचित तिला घर नवऱ्याच्या नावावर जायला नको असेल, तिच्या स्वतःच्या कारणाने. ते कारण मला ठाऊक नाही, पण मुलाला मी जन्म दिला आहे, त्यामुळे अंदाज करता येतो.

कलम तिसरे, वाटणी.

घर अर्धे मुलीचे, अर्धे सुनेचे. मुलाला या घरात सुनेच्या परवानगीने राहता येईल. परवानगी तिने लेखी द्यावी आणि दरवर्षी नवी करावी. मुलाने माझ्याकडे घर मागितले असते तर मी दिले असते, सगळे दिले असते आणि मधल्या खोलीतली माझी खाट तेवढी ठेवली असती. ही गोष्ट त्याला मी गेल्यावर कळावी. आधी कळली तर तो मागेल, आणि मी देईन, याची मला भीती वाटते.

मुलाला द्यायचा तो टंकलिखित कागद, लाल खुणांसह. त्याला लहानपणी मीच अक्षर शिकवले. तो रबराने इतके खोडायचा की वहीला भोके पडत. मास्तर ओरडायचे तेव्हा मी त्याला पाठीशी घातले. ती चूक माझी. ती मी खोडत नाही, येथे तशीच ठेवते.

बँकेतली शिल्लक पासबुकाप्रमाणे. त्यातून आधी माझे अंत्यविधी साधेपणाने करावेत, जेवणावळ नको. उरेल ते मुलीला. मुलगी दूर असते, सणावाराला फोन करते आणि तब्येत विचारून झाली की बांगड्यांची चौकशी करते. बांगड्या दोन्ही तिलाच. वजन करून ठेवले आहे, चिठ्ठी डब्यात आहे, तिने पुन्हा वजन करावे. मीही केले असते.

मास्तरांचे टंकलेखन यंत्र धाकट्या दिरांकडे आहे. बावीस वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी नेले होते. मुलाचा तो कागद ज्या यंत्रावर टंकला आहे त्याचा ‘ई’ वर उडी मारतो, तसाच मास्तरांच्या यंत्राचाही मारायचा. यावरून मी काही म्हणत नाही. यंत्र त्यांच्याकडेच राहू द्यावे. मात्र मी ते दिले असे कोणी म्हणू नये.

टपालाचा वर्ग, म्हणजे पत्त्यांची वही, खुणांचा तक्ता, उरलेली छापील पाकिटे बाराशे, लाल शाई आणि आज चालू असलेले एकतीस शिकणारे, हे सर्व सुनेला. तिने पाकिटांवरचे मास्तरांचे नाव एका रेघेने कापावे, वाचता येईल असे, आणि शेजारी स्वतःचे लिहावे. माझे लिहायची गरज नाही. तिला वाटलेच तर लिहावे. कपाटाच्या दोन्ही किल्ल्या तिला द्याव्यात. न दिसणारे कुलूप कुठे आहे ते सांगू नये, तिला माहीत असणार.

यातले काहीही तिला मी जिवंत असेपर्यंत कळू देऊ नये. कौतुकाने माणूस सैल पडतो.

कलम चौथे, व्यवस्थापक.

नात्यातल्या कोणालाही नेमत नाही. गावातल्या वकिलांनाही नाही, कारण तो कागद कोणत्या वकिलांनी केला ते मला ठाऊक नाही. या मृत्युपत्राचा अंमल शिकणारा क्रमांक दोनशे बारा याने करावा. हा गृहस्थ दूर एका वजनकाट्यावर कारकून आहे. मी त्याला पाहिलेले नाही. वर्ग एका वर्षाचा असतो, हा पंधरा वर्षे वाक्ये पाठवतो. त्याची ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूक सुटायला तीन वर्षे लागली, पण या पंधरा वर्षांत त्याने एकही चूक खोडलेली नाही. एकदा माझ्या नजरेतून त्याची एक चूक निसटली, तर त्याने तो कागद स्वतःहून परत पाठवला. सोबत लिहिले होते, सातवे वाक्य आपल्याकडून सुटले आहे, कृपया खूण करावी. ज्याला कोणी पकडले नाही आणि तरी जो कबूल झाला, असा माणूस मला आयुष्यात हा एकच भेटला, तोही टपालाने.

मास्तर गेले तेव्हा मी शिकणाऱ्यांना कळवले नव्हते. त्याला कुठून तरी कळले. त्याने दहा वाक्यांखाली मराठीत लिहिले: “मास्तर गेल्याचे समजले. पण खुणा बदलल्या नाहीत, रेघेचा दाबही तोच आहे. म्हणजे आजवर मी ज्यांच्याकडे शिकलो त्या आपणच. मी हे कोणाला सांगणार नाही.” पुढे कधी त्याने तो विषय काढला नाही. मी त्या दिवसापासून त्याच्यावरही लक्ष ठेवून आहे. अजून काही सापडलेले नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने दोन प्रतींत लिहिले. एक प्रत दोनशे बाराकडे जात आहे. दुसरी कुठे आहे ते येथे लिहीत नाही.

साक्षीदारांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली. त्या वेळी सुनेला साबण आणायला पाठवले होते. मजकूर साक्षीदारांना दाखवलेला नाही. शिंपीणबाईंनी मान लांब केली तेव्हा मी पान दुमडून धरले. त्या म्हणाल्या, “अहो, मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही.” चष्मा डोक्यावर होता.

ठिकाण: राहते घर, मधली खोली, दार लावून.
दिनांक चौदा, शनिवार, दुपारी चार.

सही, मृत्युपत्र करणार
साक्षीदार एक: शेजारच्या शिंपीणबाई, सही
साक्षीदार दोन: या भागाचे पोस्टमन, सही. यांनी दंडाचे बारा घेतल्याची पावती अजून दिलेली नाही.

क्रमांक दोनशे बारा यांस वेगळे:

दाढेसाठी मागून घेतलेल्या पंधरा दिवसांतले दोन संपले आहेत. मुलाने पुन्हा कागद पुढे केला तर मी त्याला नाही म्हणू शकेन, असे मी आज म्हणते. तो समोर बसून ‘आई’ म्हणाला की काय होईल ते सांगत नाही. कोणीतरी या कामाला हो म्हटले आहे, एवढे हातात असले तर मला बळ येईल. आपण हे काम घ्याल की नाही ते लिहावे. नेहमीप्रमाणे वर आकडा टाकून दहा वाक्येही पाठवावीत, म्हणजे पाकीट पाहून कोणाला शंका येणार नाही. उत्तर मराठीत चालेल. हो असले तरी आणि नाही असले तरी मी त्यावर खूण करणार नाही. तिकीट आत ठेवले आहे. कृपा करून उलट टपाली कळवावे.