कुणापैकी?

सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९४६, सातारा

शनिवारचं लिहिलेलं चूक आहे. ‘मेढ्याकडचे एक हवालदार आले, चहा घेऊन गेले’ — असं मी लिहिलं. त्यांनी चहा घेतला नाही. आणि ते गेले नाहीत, आम्ही घालवले. मी घालवले.

वहीतसुद्धा खोटं लिहायला लागले! पुन्हा लिहिते, जसं झालं तसं.

दुपार होती. आबा बाजारात गेलेले. मी रोजच्यासारखी ओसरीवर, पाण्याचं भांडं भरून बसलेली. खाकी कपड्यातला माणूस, खांद्यावर वळकटी. ‘राम राम ताई. उतारूंची सोय हितंच व्हय?’

आमच्या घरची रीत अशी की पाणी हातात धरूनच विचारायचं. गाव कोणतं? कुणाच्या ओळखीनं आलात? आणि शेवटी हसून, अगदी सहज — कुणापैकी? उत्तर नीट आलं की भांडं पुढं करायचं. नाही आलं की भांडं कट्ट्यावर ठेवायचं आणि आत गड्याला हाक द्यायची, ‘बिराप्पा, बाहेरचा चहा!’ बाहेरचा म्हणजे कान तुटलेल्या कपातला. तो कप मागच्या दाराच्या कोनाड्यात असतो. पिणाऱ्यानं स्वतः विसळून परत ठेवायचा. ‘जात’ हा शब्द आमच्या ओसरीवर कधी निघत नाही. आबांना त्याचा फार अभिमान.

शनिवारी मी चुकले. त्यांचे ओठ सुकलेले दिसले म्हणून पाणी आधीच दिलं. ते एका दमात प्याले आणि मग मी विचारत गेले, ते सांगत गेले. नाव नाथाजी. लढाईवरून याच साली परतले. बायको, मनुबाई, दिवसांत आहे. आधीची दोन्ही मुलं जन्मतानाच गेली. या खेपेला मूल आडवं आहे. ‘सिव्हिलचा डागदर म्हनला, अठरा तारखेला सोमवारी घिऊन या, पर कळा लागल्याबिगर खाट न्हाई. तवर कुठंतरी जवळ ठिवा म्हनला.’

म्हणून खोली हवी होती. मी म्हटलं, ‘आणा की! पुढची खोली राखून ठेवते.’

शब्द देऊन झाला. आणि मग सवयीनं विचारलं — कुणापैकी?

त्यांनी सरळ सांगितलं. मान खाली नाही, आवाज खाली नाही. ‘म्हारापैकी.’

माझी जीभ क्षणभरही अडली नाही. ‘बिराप्पा, बाहेरचा चहा!’

कप आला. त्यांनी तो पाहिला. हात लावला नाही. ‘ताई, शिव्या घालून हाकलणारी लय बघितली. तुमी लय गोड इचारता. कप समोर येईपतुर कळलंबी न्हाई मला.’ पायरी उतरून मागं वळले. ‘मग सोमवारचं कसं? खोलीचं?’

मी बिराप्पाला कप आत न्यायला सांगितलं. ते वळकटी उचलून गेले.

शी! शी! शी!

मंगळवार, ता. ५

ते भांडं आईनं त्याच दुपारी राखेनं घासलं, मग चिमट्यात धरून विस्तवावर लालभडक केलं. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. काय झालं ते बिराप्पाकडून कळलं असेल. आज तेच भांडं मी चार पाहुण्यांपुढं धरलं. लख्ख चमकत होतं. मला मात्र तापल्या पितळेचा वास येत राहिला. जेवण गेलं नाही. आई म्हणाली, ‘पित्त झालंय.’

गुरुवार, ता. ७

आज एक सांगलीचे पाहुणे होते, हळदीच्या पेढीवरचे कारकून. जाताना आबांना म्हणाले, ‘पुण्यापासून सांगलीपर्यंत इतक्या ठिकाणी उतरलो, पण असं अगत्य कुठं नाही. घरच्यासारखी चौकशी करते हो तुमची मुलगी.’

आबा फुलले. ‘शिकिवलीया न्हवं! आमच्या खानदानात हीच पैली, सातवी फायनल पास.’

चौकशी! अगत्य! पूर्वी हे शब्द ऐकले की मला आनंद होत असे. मी शाळेत शिकून आले म्हणून माझी भाषा मऊ आहे. आबा लष्करात लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, होते, त्यांचं विचारणं खडखडीत — पूर्वी दोनदा भांडण होऊन पाहुणा निघून गेला होता. मी बसायला लागल्यापासून एकही भांडण नाही. ज्याला मागच्या दारी जायचं तो आपणहून जातो, वर ‘येतो ताई’ म्हणून जातो. माझ्या शिक्षणाचा हा उपयोग झाला!

रात्री जेवताना आबा सांगलीच्या जागेचं बोलले. तिथंही उतारूंची सोय करायची म्हणून बाजारपेठेजवळ दुमजली घर भाड्यानं घेतलंय. मुहूर्त अजून धरला नाही. ‘तितं तू पुढं बसायचं, गोदे. दुपारचं मॅट्रिकच्या वर्गाला जा. मी आडवा येत न्हाई.’ मॅट्रिक! हे मी दोन वर्षं मागत होते. आज कानावर आलं तरी तोंडात घास फिरत राहिला.

शुक्रवार, ता. ८

आज विचारलं नाही. ठरवूनच. जो आला त्याला ‘या, बसा’, आणि पाणी. बस्स.

मला वाटलं होतं सगळ्यांना बरं वाटेल. उलटंच झालं! दोन शेतकरी होते औंधाकडचे, कोर्टाच्या कामाला आलेले. बसले, एकमेकांकडं बघत राहिले. म्हातारा म्हणाला, ‘पोरी, आमी येडीवाकडी मानसं दिसतो का? गाव इचारलं न्हाईस, पै-पाव्हणं इचारलं न्हाईस.’ रागावले नाहीत, खट्टू झाले. आपलं कुणी काही विचारत नाही म्हणजे आपल्याला कुणी मोजत नाही, असं वाटलं त्यांना.

हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्यांना विचारायला पाहिजे, आणि तेच दुसऱ्याला विचारलं की त्याच्या पोटात सुरी. प्रश्न एकच!

संध्याकाळी लालासाहेब आले. उसाचे बागाईतदार, कोर्टाच्या दर तारखेला आमच्याकडंच उतरतात. ‘काय मास्तरीणबाई, आज मौनव्रत काय? का नवरा बघितलाय आबानं?’ सगळे हसले. मग ताटावर बसल्यावर शेजारच्या पाहुण्याकडं हनुवटी करून मला विचारलं, ‘ह्ये पाव्हणं कुणापैकी?’

मी म्हटलं, ‘विचारलं नाही.’

त्यांचा हात भातावरच थांबला. ‘न्हाई इचारलं?’ पाहुणा समोर बसलेला, कानापर्यंत लाल झाला, घाईघाईनं आपलं आडनाव, आजोळ, सासुरवाडी सगळं सांगून टाकलं. लालासाहेबांनी ऐकून घेतलं आणि मग जेवायला लागले. भुरके मारत. वरणाचा ओघळ मनगटापर्यंत. मला बघवेना.

शनिवार, ता. ९

आबांनी बजावलं. आजपासून पुन्हा विचारते आहे. आवाज तोच. तितकाच गोड.

रविवार, ता. १०

आज धीर करून आबांना सगळं सांगितलं. हवालदार, मनुबाई, अठरा तारीख, माझा शब्द. 

आबा चिडले नाहीत. बिडी विझवली. ‘शब्द आदी आन् इचारणं मागनं! उलटं केलंस की गं.’ मग विझलेलं थोटूक चिमटीत फिरवत म्हणाले, ‘मी लढाईत बसऱ्यात हुतो तवा एका पखालीचं पाणी सगळ्यांनी प्यालंय. मला काय न्हाई त्येचं. पर लालासाहेब उठलं तर त्येंच्यामागनं पाच गावं उठत्यात.’

म्हटलं, मग काय करायचं?

‘मागची पडवी देऊ की. गोठ्याशेजारची. झाडून घिऊ. तुझा शब्दबी राहिला, आमचा धंदाबी राहिला.’

आडव्या मुलाची बाई, शेणाच्या वासात, मागच्या दारानं. आणि मी पुढच्या दारी हसत! खरं सांगायचं तर क्षणभर मला ते पटलं. ‘बरं झालं, सुटले’ असं वाटलं. त्या क्षणाचीच सगळ्यात जास्त शिसारी येते आहे.

मी म्हटलं, ‘पुढची खोली म्हटलं होतं मी.’

आबा हसले. ‘बघू. अजून आठ दीस हायती.’

मंगळवार, ता. १२

बिराप्पा मोटारस्टँडवर उतारू आणायला जातो. आज येऊन म्हणाला, ‘अक्का, तुमचा हवालदार दिसला काल. खोली हुडकतोय. तीन ठिकाणी न्हाई म्हनलं.’

‘तू काय म्हणालास?’

‘मी काय म्हणणार? त्येनंच इचारलं, तुमच्या ताईनं काय निरोप दिलाय का म्हणून.’ मग डोकं खाजवत, ‘म्हनला, न्हाई मिळाली तर दवाखान्याम्होरल्या झाडाखाली बसवतो. मेढ्याच्या पैल्या मोटारीनं आणतो म्हनला, सोमवारी.’

निरोप! अजून वाट बघतो आहे तो माणूस. माझ्या गोड बोलण्यावर अजून थोडा विश्वास शिल्लक आहे त्याचा. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं वाट तरी पाहिली नसती.

बिराप्पा जाता जाता म्हणाला, ‘अक्का, कप तर मीच नेऊन ठिवतो न्हवं रोज. मला कुणी इचारत न्हाई, कसं वाटतंय.’

मी विचारलं, ‘कसं वाटतं?’

‘आता सवय झाली,’ म्हणाला, आणि बादली घेऊन आत गेला.

बुधवार, ता. १३

घसा बसलाय असं सांगून ओसरीवर गेले नाही. घसा ठीक आहे.

शुक्रवार, ता. १५

आज आबांनी मला समोर बसवलं. स्वतःच्या हातानं पाणी दिलं. ‘गोदे, दमलीस का गं? घसा कसाय? सांगलीला गेलीस की हवाबदल हुईल.’ मॅट्रिकच्या वर्गाचं विचारलं, पुस्तकं कुठली लागतात ते विचारलं. मी सगळं सांगत गेले. किती दिवसांनी इतकं मायेनं बोलत होते! मग सहज, हसून — ‘सांगलीचा मुहूर्त सोमवारचा धरावा म्हन्तो. रविवारी सकाळच्या मोटारीनं निगू. बरं पडंल न्हवं तुला?’

मी ‘हो’ म्हटलं.

म्हटलं आणि मग कळलं. सोमवार म्हणजे अठरा. कप समोर येईपर्यंत कळलं नाही — मलासुद्धा. गोड विचारणं मी शाळेत नाही, घरातच शिकले. आवाज फक्त शाळेतला आहे.

आता माझे दोन शब्द आहेत, एकाच सोमवारचे. कितीतरी वेळ मोडून-जोडून पाहिलं. मॅट्रिक पुन्हा मिळणार नाही, हेही माहीत आहे.

आईनं माझी ट्रंक भरून ठेवली होती. मी तिच्यातली जाड गोधडी काढून घेतली. आईनं पाहिलं. काही विचारलं नाही.

पहिला शब्द आधीचा. पाठीमागून काही करायचं नाही, आबांना रविवारी तोंडावर सांगायचं, मग त्यांनी काहीही म्हणोत. पुढच्या खोलीची किल्ली माझ्याच कमरेला असते. लालासाहेबांनी विचारलं तर नाव, गाव, कुणापैकी — सगळं मोठ्यानं सांगायचं, हसायचं नाही. मेढ्याची पहिली मोटार येईल तेव्हा मी स्टँडवर असणार, गोधडी घेऊन. सोमवार, ता. १८ नोव्हेंबर.